कृष्णवर्णीय स्त्रिया, निवडणुका आणि माध्यमे : कर्वे रस्त्यावरील सहा शनिवारांचा अभ्यासवर्ग

अमेरिकेच्या निवडणुकीच्या राजकारणातील कृष्णवर्णीय स्त्रिया आणि माध्यमांनी रंगवलेले त्यांचे चित्र या विषयावर कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरील लहानशा सभागृहात, सहा शनिवारांचा एक अभ्यासवर्ग नुकताच पार पडला. तो मी शुल्क भरून आणि एकही सत्र न चुकवता पूर्ण केला. शुल्क ३,००० रुपये, विद्यार्थ्यांसाठी १,२०० रुपये. वेळ सायंकाळी ५ ते ७.३०, सोबत ११२ पानांची वाचनपुस्तिका. शिकवणाऱ्या दोघांपैकी एक निवृत्त प्राध्यापिका होत्या आणि दुसरा माध्यमांचा अभ्यास करणारा तरुण संशोधक. पुढील तुकडीत नाव नोंदवावे का, असे ओळखीच्या बऱ्याच जणांनी विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी या वर्गाला का गेले, हे आधी सांगितले पाहिजे, कारण माझे मत त्यावरच बेतलेले आहे. एका मराठी दैनिकाच्या परदेश पानावर मी २७ वर्षे उपसंपादक होते. ७ नोव्हेंबर २०२० रोजी, शनिवारी, आपल्याकडे रात्रीचे दहा वाजण्याच्या सुमारास अमेरिकी वृत्तसंस्थांनी बायडेन यांचा विजय जाहीर केला. करोनामुळे डेस्कवर आम्ही तिघेच होतो आणि डाक आवृत्तीचे पान सोडण्याची घाई होती. मुख्य बातमी अर्थातच बायडेन यांची झाली आणि शेजारच्या तीन कॉलमी चौकटीला मी मथळा दिला : ‘भारतकन्या अमेरिकेच्या उपाध्यक्षपदी’. दुसऱ्या दिवशी त्या मथळ्याचे कौतुक झाले. कमला हॅरिस यांचा जन्म कॅलिफोर्नियातील ओकलंडचा. त्यांच्या आई श्यामला गोपालन मूळच्या तमिळ, वडील जमैकाचे. शिक्षणासाठी त्यांनी निवडलेले हॉवर्ड विद्यापीठ कृष्णवर्णीयांच्या उच्चशिक्षणाच्या इतिहासात अग्रभागी असलेले. यांतील बहुतेक माहिती माझ्यासमोरच्या वृत्तसंस्थेच्या मजकुरात होती. ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द मात्र माझ्या चौकटीत सहाव्या परिच्छेदात आला, आणि जागा कमी पडली असती तर तो परिच्छेद सर्वांत आधी गेला असता. निवृत्तीनंतर जुनी कात्रणे चाळताना ही गोष्ट लक्षात आली आणि ती मनातून गेली नाही.

पहिले सत्र चित्र कसे पाहावे यावर होते. पडद्यावर अमेरिकी वृत्तसाप्ताहिकांतील गरिबीविषयक लेखांची छायाचित्रे एकामागून एक दाखवली गेली आणि आम्हाला केवळ मोजायला सांगितले गेले : किती चेहरे गोरे, किती कृष्णवर्णीय. त्यानंतर मार्टिन गिलेन्स या राज्यशास्त्रज्ञाने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचे आकडे फळ्यावर लिहिले गेले. १९८८ ते १९९२ या काळात अमेरिकेतील गरिबांमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण २९ टक्के होते. तीन मोठ्या वृत्तसाप्ताहिकांच्या छायाचित्रांतील गरिबांमध्ये ते ६२ टक्के होते. मजकुरात कुठेही खोटे लिहिलेले नसताना केवळ छायाचित्रांच्या निवडीतून वाचकाच्या मनात गरिबीला एक रंग चढतो, ही गोष्ट इतक्या थोड्या वेळात आणि इतक्या ठोसपणे समजावलेली मी पूर्वी पाहिली नव्हती. नियतकालिकांच्या कार्यालयांत छायाचित्र निवडणे हे काम आपल्याकडेही बहुधा सर्वांत शेवटी, घाईत आणि हाताशी जे आहे त्यातून होते, हे मला चांगले ठाऊक आहे.

याच सत्रात १९७६ सालच्या रेगन यांच्या प्रचाराची गोष्ट आली. रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मिळवण्यासाठी फिरताना रेगन शिकागोतील एका स्त्रीविषयी सांगत : तिची ८० नावे, ३० पत्ते, आणि सरकारी मदतीवर चाललेली चैन. तिच्या वर्णाचा ते उच्चार करीत नसत. तशी गरजही नव्हती, कारण सरकारी मदत या शब्दांपुढे कोणता चेहरा उभा राहायचा हे छायाचित्रांनी आधीच ठरवून ठेवले होते. त्या स्त्रीवर न्यायालयात प्रत्यक्षात सिद्ध झालेली फसवणूक या आकड्यांच्या मानाने फारच लहान होती. परंतु ‘मदतीवर जगणारी राणी’ ही प्रतिमा पुढे अनेक निवडणुकांत वापरली गेली. पॅट्रिशिया हिल कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९९० साली अशा प्रतिमांना ‘नियंत्रक प्रतिमा’ म्हटले : मालकाच्या मुलांना जीव लावणारी दाई, घरातल्या पुरुषाला नमवणारी कर्ती बाई, वासनांध स्त्री आणि सरकारी पैशावर मुले वाढवणारी आई. या साच्यांच्या बाहेरची एखादी कृष्णवर्णीय स्त्री निवडणुकीला उभी राहिली की वार्ताहर तिला नकळत यांपैकीच कशात तरी बसवू पाहतो, हे सूत्र प्राध्यापिका बाईंनी सांगितले आणि पुढच्या पाच सत्रांत ते सोडले नाही. वर्गाची बांधणी यामुळे घट्ट राहिली.

दुसरे सत्र संपूर्णपणे फॅनी लू हेमर यांच्यावर होते, आणि माझ्या मते पूर्ण शुल्क या एका सत्रानेच फेडले. मिसिसिपीतील खंडकरी शेतमजुरांच्या घरातील विसावे अपत्य असलेल्या हेमर यांनी १९६२ साली मतदार म्हणून नाव नोंदवण्याचा प्रयत्न केला, आणि ज्या मळ्यावर त्या अठरा वर्षे राबल्या होत्या तेथून त्यांना त्याच दिवशी बाहेर काढण्यात आले. जून १९६३ मध्ये विनोना येथील तुरुंगात त्यांना झालेली मारहाण इतकी क्रूर होती की तिचे परिणाम त्यांना आयुष्यभर भोगावे लागले. २२ ऑगस्ट १९६४ रोजी अटलांटिक सिटी येथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, कोणते प्रतिनिधी खरे हे ठरवणाऱ्या समितीसमोर, त्यांनी हे सर्व सांगितले. मिसिसिपीहून आलेले पक्षाचे अधिकृत प्रतिनिधी सगळे गोरे होते. हेमर मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पक्षाच्या वतीने त्या जागांवर हक्क सांगत होत्या. साक्ष थेट प्रक्षेपित होत असतानाच राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी व्हाइट हाऊसमध्ये अचानक पत्रकारांसमोर बोलायला सुरुवात केली आणि वाहिन्यांनी कॅमेरे तिकडे वळवले. मात्र त्याच संध्याकाळी वाहिन्यांनी हेमर यांची साक्ष बातम्यांत दाखवली, आणि दुपारी जितक्यांनी ती पाहिली असती त्याहून अधिक लोकांनी ती घरोघरी पाहिली. पुढे त्यांच्या गटाला तडजोड म्हणून दोन जागा देऊ करण्यात आल्या, तेव्हा केवळ दोन जागांसाठी आम्ही इतक्या लांबून आलो नाही, असे सांगून हेमर यांनी त्या नाकारल्या. पुढच्याच वर्षी, १९६५ साली, मतदान हक्क कायदा झाला.

दुपारचा निर्णय आणि संध्याकाळचा निर्णय, दोन्ही संपादकांचेच होते. सत्तेतील माणूस बोलू लागला की कॅमेरा तिकडे वळतो, यात कुणाला काही वावगे वाटत नाही. ती बातमीदारीची सवयच मानली जाते. प्राध्यापिका बाईंनी आम्हाला विचारले की त्या दुपारी तुम्ही डेस्कवर असता तर काय केले असते. सभागृहात बराच वेळ कुणी बोलले नाही. मी कॅमेरा वळवला असता, हे मी प्रामाणिकपणे सांगितले. त्यावर त्यांनी कोणतेही भाष्य केले नाही, फक्त पुढचा प्रश्न विचारला : आणि संध्याकाळी? वर्ग घेण्याची ही रीत मला फार आवडली.

याच सत्रात व्यवस्थेतील सर्वांत मोठा दोषही दिसला. हेमर यांच्या साक्षीची ध्वनिफीत ऐकवली गेली, पण सभागृहातील ध्वनिक्षेपक इतका फाटका आवाज देत होता की मिसिसिपीच्या उच्चारातील ते बोलणे मागच्या तीन रांगांना जवळजवळ कळलेच नाही. छापील मराठी अनुवाद दिलेला नव्हता. शेवटी एका विद्यार्थिनीने मोबाइलवर इंग्रजी मजकूर शोधून तो तिथल्या तिथे मराठीत सांगितला. तिचे काम उत्तम होते. आयोजकांनी मात्र ते आधीच करून ठेवायला हवे होते. ज्या वर्गाचा विषयच ‘कुणाचा आवाज कुठवर पोहोचतो’ हा आहे, तेथे ध्वनियंत्रणा शुक्रवारीच तपासून घेणे ही किमान अपेक्षा आहे.

तिसरे सत्र शर्ली चिझम आणि बार्बरा जॉर्डन यांचे. (आडनावाचा उच्चार चिझम असा आहे, आमच्या डेस्कवर आम्ही ते अक्षरांवरून ‘चिशोल्म’ असे लिहीत असू.) चिझम १९६८ साली ब्रुकलिनमधून निवडून आल्या आणि अमेरिकी प्रतिनिधिगृहातील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री सदस्य ठरल्या. २५ जानेवारी १९७२ रोजी त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली, तेव्हाचे त्यांचे शब्द बाईंनी मराठीत वाचून दाखवले : मी कृष्णवर्णीय अमेरिकेची उमेदवार नाही, जरी मी कृष्णवर्णीय आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, मी या देशातील स्त्री चळवळीची उमेदवार नाही, जरी मी स्त्री आहे आणि मला त्याचाही तितकाच अभिमान आहे. या दोन वाक्यांचे पुढे माध्यमांनी काय केले, हे सत्राचे सार होते. त्यांची उमेदवारी ‘प्रतीकात्मक’ ठरवली गेली, आणि एकदा हा शब्द चिकटला की धोरणांविषयी प्रश्न विचारण्याची जबाबदारी वार्ताहरावर उरत नाही. कॅलिफोर्नियातील प्राथमिक निवडणुकीपूर्वी दूरचित्रवाणीवर झालेल्या वादविवादांत मॅकगव्हर्न आणि हम्फ्री या प्रतिस्पर्ध्यांनाच स्थान मिळाले; चिझम यांनी सर्व उमेदवारांना समान वेळ देण्याच्या नियमाचा आधार घेऊन दाद मागितली, आणि न्यायालयाच्या आदेशानंतर त्यांना पडद्यावर अर्धा तास मिळाला. मायामी बीच येथील अधिवेशनात त्यांना १५२ प्रतिनिधींची मते पडली. अर्धा तास मिळवण्यासाठीही ज्या उमेदवाराला न्यायालयाची पायरी चढावी लागली, तिच्या मतांची संख्या मोजताना ही गोष्ट बातमीत यायला हवी होती, असे मला आता वाटते.

फळ्यावर १९७२ हे साल लिहून तरुण संशोधकाने त्याखाली आणखी एक नोंद केली : त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली आणि तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले गेले. हा दुवा वर्गातील बहुतेकांना ठाऊक होता. मात्र आपल्याकडे अमेरिकेतून आलेले चित्र हे कातडी कोट घातलेल्या तरुण पुरुषाचे होते. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीचे नाव मराठी चर्चेत जवळजवळ नव्हते, याकडे त्याने लक्ष वेधले. प्रतिनिधिगृहाच्या कृष्णवर्णीय सदस्य बार्बरा जॉर्डन यांच्या वाट्याला या सत्रात जेमतेम वीस मिनिटे आली. निक्सन यांच्या महाभियोगावरील २५ जुलै १९७४ चे त्यांचे दूरचित्रवाणीवर गाजलेले भाषण आणि १९७६ सालच्या पक्षाधिवेशनातील बीजभाषण हे दोन्ही विषय उरकले गेले. त्यांच्या आवाजाविषयी जितके लिहिले गेले तितके त्यांच्या घटनात्मक युक्तिवादाविषयी लिहिले गेले का, हा प्रश्न विचारून तो तसाच सोडून दिला गेला, याची खंत वाटते.

चौथ्या सत्रात ऑक्टोबर १९९१ मधील अनिता हिल यांची साक्ष होती. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी नाव सुचवलेल्या क्लॅरेन्स थॉमस यांच्यावर त्यांनी लैंगिक छळाचा आरोप केला होता आणि समोर बसलेल्या न्यायविषयक समितीतील चौदाही सिनेटर गोरे पुरुष होते. थॉमस हे स्वतः कृष्णवर्णीय. त्यांनी या सुनावणीला आधुनिक तंत्राने केलेले लिंचिंग म्हटले, म्हणजे जमावाने कृष्णवर्णीयांना ठार मारण्याच्या जुन्या प्रकाराची आठवण करून दिली. त्या एका शब्दाने वंशाचा सगळा इतिहास थॉमस यांच्या बाजूला गेला आणि हिल यांच्याकडे केवळ स्त्री असणे उरले. जणू त्या कृष्णवर्णीय नव्हत्याच. ५२ विरुद्ध ४८ मतांनी नियुक्तीवर शिक्कामोर्तब झाले. पुढच्या वर्षी कॅरल मोझली ब्रॉन इलिनॉयमधून सिनेटवर निवडून आल्या; सिनेटमध्ये पोहोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

येथेच कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली मांडलेली आंतरछेदाची संकल्पना समजावली गेली, आणि ती व्याख्येने नव्हे तर खटल्याने समजावली गेली, हे विशेष. १९७० च्या दशकात पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी जनरल मोटर्सविरुद्ध भेदभावाचा दावा लावला. कंपनी स्त्रियांना कामावर घेत होती, म्हणून स्त्री म्हणून भेदभाव नाही. कृष्णवर्णीयांनाही घेत होती, म्हणून वंशावरून भेदभाव नाही. घेतलेल्या स्त्रिया गोऱ्या होत्या आणि घेतलेले कृष्णवर्णीय पुरुष होते, हे दिसत असूनही दोन्ही गोष्टी एकत्र धरून विचार करायला न्यायालयाने नकार दिला. बाई म्हणाल्या, ‘न्यायालयाने जे केले तेच मथळा करतो. त्याला एकच विशेषण परवडते.’ मला माझी तीन कॉलमी चौकट आठवली.

मधल्या सुट्टीनंतर या सत्रात एक भाषिक स्वाध्याय झाला, आणि तो या वर्गाचे खरे वैशिष्ट्य आहे. अमेरिकी माध्यमांत कृष्णवर्णीय स्त्रीला ‘संतापलेली’ ठरवले जाते, याविषयी बोलताना आम्हाला मराठीत केवळ स्त्रीसाठीच वापरले जाणारे रागाचे शब्द लिहायला सांगितले. कजाग, आक्रस्ताळी, तोंडाळ, भांडकुदळ, कर्कशा, थयथयाट, आकांडतांडव. फळा भरला. नंतर त्याच वागण्यासाठी पुरुष नेत्याला दिले जाणारे शब्द लिहायला सांगितले : आक्रमक, रोखठोक, परखड, सडेतोड. उलट बाजूची यादीही झाली : रणरागिणी, दुर्गावतार, वाघीण. स्त्री नेत्याचे कौतुक करतानाही तिला माणसाच्या पायरीवरून उचलून दुसरीकडे ठेवणारे हे शब्द मी स्वतः शेकडो वेळा पानावर लावले आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये अलाबामातील सिनेटच्या निवडणुकीत मतदानोत्तर पाहणीनुसार ९८ टक्के कृष्णवर्णीय स्त्रियांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे डग जोन्स यांना मत दिले, तेव्हा ‘कृष्णवर्णीय स्त्रियांनी देश वाचवला’ अशा अर्थाचे कौतुक सर्वत्र झाले. त्या स्त्रियांना रस्ते, दवाखाने आणि शाळांविषयी काय हवे होते, हा प्रश्न त्या कौतुकात मागे पडला. हे उदाहरण पाचव्या सत्रात आले, परंतु मला ते या रणरागिणीच्या यादीशेजारीच लिहून ठेवावेसे वाटले.

पाचवे सत्र इतर सत्रांच्या मानाने फिके झाले. २००८ सालच्या प्रचारात मिशेल ओबामा यांना संतप्त आणि देशाविषयी निष्ठा नसलेली स्त्री म्हणून कसे रंगवले गेले, आणि २०१८ साली जॉर्जियात स्टेसी अब्राम्स राज्यपालपदाची निवडणूक सुमारे ५५,००० मतांनी कशा हरल्या, हे दोन विषय होते. अब्राम्स यांचे प्रतिस्पर्धी ब्रायन केम्प हे त्या वेळी राज्याचे निवडणूक प्रशासन पाहणाऱ्या पदावर होते, ही या प्रकरणातील गाभ्याची गोष्ट. ती नीट उलगडण्याऐवजी समाजमाध्यमांवरील चित्रफितींतच वेळ गेला. त्यातच या सत्राची वेळ बदलल्याचा निरोप केवळ दोन तास आधी आला. पिंपरीहून आणि हडपसरहून येणाऱ्यांपैकी काहींना येता आले नाही, आणि त्यांना त्या सत्राचे शुल्क परत मिळाले नाही किंवा टिपणेही मिळाली नाहीत. हे योग्य नव्हे.

सहावे सत्र कमला हॅरिस यांचे. सुरुवातीलाच एक गोष्ट कळली आणि सगळा वर्ग सावरून बसला : हेमर यांनी अटलांटिक सिटीत साक्ष दिली त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २० ऑक्टोबर १९६४ रोजी, हॅरिस यांचा जन्म झाला. जानेवारी २०१९ मध्ये उमेदवारी जाहीर करताना त्यांनी प्रचाराच्या बोधचिन्हाची घडण चिझम यांच्या १९७२ च्या प्रचारसाहित्यावरून घेतली होती. म्हणजे त्या स्वतः कोणत्या परंपरेत उभ्या आहेत हे त्या स्पष्ट सांगत होत्या. त्यानंतर ऑक्टोबर २०२० मध्ये जॉर्जियातील सभेत सिनेटर डेव्हिड पर्ड्यू यांनी त्यांच्या नावाची जाणूनबुजून मोडतोड केली, ती चित्रफीत दाखवली गेली. सभागृहात संताप उमटला. कमला हे नाव आपल्या आजी-मावश्यांचे. ते कुणी असे चिरडावे याचा राग येणे स्वाभाविक होते. लगेच पुढे ३१ जुलै २०२४ ची चित्रफीत आली, ज्यात शिकागो येथे कृष्णवर्णीय पत्रकारांच्या संमेलनात ट्रम्प म्हणतात की त्या आजवर भारतीय होत्या आणि आता अचानक कृष्णवर्णीय झाल्या. या वेळी सभागृह तुलनेने शांत होते. बाईंनी विचारले, ‘पहिला राग इतका पटकन का आला आणि दुसरा का आला नाही?’

या प्रश्नाचे उत्तर मला आमच्या पानांमध्ये सापडते. तमिळनाडूतील तुळसेंद्रपुरम् या त्यांच्या आजोबांच्या गावी झालेल्या पूजा आणि तिथले फलक आपण भरभरून छापले. हॉवर्डविषयी, जमैकाविषयी, बर्कलीमधील कृष्णवर्णीय वस्तीत गेलेल्या बालपणाविषयी फारसे छापले नाही. ट्रम्प यांनी दोन ओळखींपैकी एक खोटी ठरवण्यासाठी जे वाक्य वापरले, त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग आपण चार वर्षे रोज लिहीत होतो. हेतू निराळा होता, हे खरे आहे. वाचकाच्या हाती मात्र अर्धीच व्यक्ती पडली. चिझम यांचे आईवडीलही कॅरिबियनमधून, बार्बाडोस आणि ब्रिटिश गयानामधून, आलेले होते. स्थलांतरितांची मुलगी असणे आणि कृष्णवर्णीय अमेरिकी असणे यांत तेव्हाही विरोध नव्हता. ५ नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत हॅरिस ३१२ विरुद्ध २२६ अशा निर्वाचक मतांच्या फरकाने हरल्या, आणि त्या रात्री आपल्याकडील वाहिन्यांना ‘भारतीय वंश’ हे शब्द फारसे आठवले नाहीत, हे निरीक्षण वर्गातील एका गृहस्थांनी नोंदवले, तेही मला अचूक वाटते.

शब्दांविषयीची चर्चा आणखी पुढे जायला हवी होती. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जून २०२० मध्ये ‘ब्लॅक’ हा शब्द लोकसमूहाचे नाव म्हणून मोठ्या अक्षराने लिहिण्याचा निर्णय घेतला. देवनागरीत मोठे अक्षर नाही, त्यामुळे रंगवाचक विशेषण आणि एका समाजाने अभिमानाने स्वीकारलेले नाव यांतील फरक आपल्या पानावर दाखवताच येत नाही. ‘काळी’ म्हणावे तर त्या शब्दाला लग्नाच्या जाहिरातींतील गोऱ्या रंगाच्या हव्यासाचा वास येतो. ‘कृष्णवर्णीय’ सभ्य आहे, पण तो कुणी स्वतःसाठी निवडलेला शब्द नव्हे. ‘आफ्रिकी-अमेरिकी’ जमैका किंवा बार्बाडोसहून आलेल्यांना पुरता लागू होत नाही. पुस्तिकेत कुठे ‘ब्लॅक’, कुठे ‘कृष्णवर्णीय’ असा सरमिसळ वापर आहे आणि त्याचे स्पष्टीकरण नाही. माझे मत ‘ब्लॅक’ असाच शब्द देवनागरीत घ्यावा या बाजूला झुकते आहे, कारण पँथरच्या नावातून तो मराठीत अर्धशतकापूर्वीच येऊन बसला आहे. या लेखात मी जुन्या सवयीने ‘कृष्णवर्णीय’ वापरला आहे.

जात आणि वंश यांच्या तुलनेसाठी शेवटची चाळीस मिनिटे ठेवली होती, आणि पुण्यात हा वर्ग घेताना यापेक्षा मोठी चूक दुसरी झाली नसेल. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली; ते जेथे राहिले ते गंज पेठेतील घर या सभागृहापासून काही किलोमीटरवर आहे. डॉ. आंबेडकर यांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंतांना पत्र लिहिले होते. दलित स्त्रिया वेगळे बोलतात, हा मुद्दा १९९८ साली ठामपणे मांडणाऱ्या शर्मिला रेगे याच शहरातील विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शिकवत होत्या, आणि त्यांच्या मांडणीचा कृष्णवर्णीय स्त्रीवादाशी संवाद होता. हे तीनही उल्लेख झाले, पण उल्लेखच. दलित स्त्री उमेदवाराचे आपल्या माध्यमांतील चित्र हा विषय स्वतंत्र सत्राचा आहे; तो अमेरिकेच्या शेपटाला बांधून उरकता येणार नाही. जात आणि वंश एकच नव्हेत, हे सांगण्यापुरताही पुरेसा वेळ उरला नाही, आणि एकदोन सहभागींनी केलेली ढोबळ विधाने तशीच राहून गेली. हे आम्ही आयोजकांना लेखी कळवले आहे आणि पुढील तुकडीत सातवे सत्र वाढवण्याचे त्यांनी मान्य केले आहे.

सोयींविषयी थोडक्यात : नळस्टॉप मेट्रो स्थानकापासून चालत सात-आठ मिनिटांत पोहोचता येते. चारचाकी लावायला जागा नाही. जिन्याला दोन वळणे आहेत आणि उद्वाहन नाही, त्यामुळे गुडघेदुखी असणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. पुस्तिकेतील जवळजवळ ७० पाने इंग्रजीत आहेत; मराठीतून वर्ग म्हणून जाहिरात केल्यावर हे प्रमाण उलटे असायला हवे. वर्गात चौतीस जण होते, त्यांत पत्रकारितेचे विद्यार्थी निम्मे. प्रश्न विचारायला सर्वांना भरपूर वाव मिळाला आणि दोन्ही शिक्षकांनी ठाऊक नसलेल्या गोष्टी ठाऊक नाहीत असे स्पष्ट सांगितले. वृत्तपत्रांत, वृत्तवाहिन्यांत किंवा अनुवादाच्या कामात असलेल्या प्रत्येकाने हा वर्ग करावा, अशी माझी शिफारस आहे. केवळ अमेरिकेच्या निवडणुकीची माहिती हवी असेल, तर मात्र येथे ती क्रमवार मिळणार नाही.

शेवटच्या शनिवारी प्रत्येकाने एक जुना मथळा आणून तो वर्गात पुन्हा लिहायचा होता. मी माझे कात्रण नेले होते आणि वर्गासमोर म्हणाले की तीन कॉलमांत दोन ओळखी बसत नाहीत, ही अडचण खरी आहे. हेमर यांची साक्ष मराठीत सांगणाऱ्या त्याच विद्यार्थिनीने कात्रण मागून घेतले, थोडा वेळ पेन्सिल चालवली आणि परत देताना म्हणाली, ‘मॅडम, “भारतकन्या” काढला की जागा होते.’ तिने लिहिले होते : ‘उपाध्यक्षपदी प्रथमच कृष्णवर्णीय स्त्री’, आणि खाली उपमथळा, ‘कमला हॅरिस यांच्या आई तमिळ, वडील जमैकाचे’. मी डेस्कवरच्या सवयीने अक्षरे मोजली. मथळा दोन ओळींत बसत होता.